मक्याच्या गावातल्या नाव लावलेल्या खुर्च्या

तुमच्या गावातल्या सभागृहात पहिल्या रांगेत कोण बसतं, आणि त्यांना तिथे बसायचा हक्क कोणी दिला? उत्तर लगेच देऊ नका. आधी मी कुठे जाऊन आले ते ऐका.

जिल्ह्याच्या शहरात, राजारामपुरीत, आमचं घर वर आणि माझ्या वडिलांचा, आबांचा, छापखाना खाली. लग्नपत्रिका कमी, पत्रकं जास्त. मोर्च्याची, संपाची, पाणी परिषदेची. मी वाचायला शिकले ती शाईच्या वासात, ओल्या पत्रकांवर. त्यामुळे काही गोष्टी माझ्या डोक्यात लहानपणीच पक्क्या बसल्या. त्यातली एक अशी: कला पाण्यासारखी असते, ती प्रत्येकाच्या दारापर्यंत नेणं सरकारचं काम आहे, आणि देणगीदारापुढे हात पसरला की नाटकाची मान वाकते. हे मी एका पुस्तिकेत लिहिलंही आहे. ते आजही खोडणार नाही. पण त्याच्या शेजारी लिहायचं काहीतरी मला गेल्या शरदात सापडलं.

ग्रामीण भागातल्या सांस्कृतिक संस्था कशा जगतात हे पाहायला एका छोट्या शिष्यवृत्तीवर मी अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही. देशाच्या मधोमध असलेलं, मका आणि गुरांचं एक राज्य. राज्याचं आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. जिच्या घरी राहिले त्या मार्लीनने तसं सांगितलंय. तिला मदत मागायला पुन्हा त्याच दारात जायचं आहे.

मक्याचं गाव

आपल्याकडे उसाच्या फडातून रस्ता जातो तेव्हा दोन्ही बाजूंना भिंती उभ्या असतात. तिथे मका नुकताच काढला होता, त्यामुळे भिंती पडल्या होत्या आणि जमीन उघडी पडली होती. आकाश इतकं खाली आलं होतं की घरं त्याला टेकू दिल्यासारखी दिसत. बांधावर एक कणीस राहिलं होतं. मी ते हौसेने सोललं आणि चावलं. दात शिवशिवले.

"ते गुरांचं हाय, पावणं," मार्लीनचा नवरा डेल म्हणाला. "माणसाचं घरात शिजतंय. चला."

डेलचं बोलणं मी असं का लिहिते ते सांगते. तो आयुष्यभर गुरं राखलेला शेतकरी. त्याचं इंग्रजी ठसकेबाज, मोठ्या आवाजातलं, अर्धे शब्द गिळलेलं. त्याला पुस्तकी मराठीत बसवलं तर तो माणूस माझ्या हातातून निसटेल. ऐकताना मला सारखं वाटायचं, हा आमच्या भुदरगड तालुक्यातलाच कुणीतरी चुकून इकडे आलाय.

घरात शिजत होता राजमा आणि खिम्याचा तिखट रस्सा. त्याच्यासोबत ताटात दालचिनी लावलेली, वरून साखरेचा पाक ओघळणारी गोड पावाची चक्री. त्या भागात हे दोन्ही एकत्रच खातात, शाळेतसुद्धा. मिसळीच्या कटात बालुशाही बुडवून खायची, असं समजा. मी आधी थबकले, मग दोनदा घेतलं.

मार्लीन सत्तरीच्या पुढची, उंच, कमी बोलणारी. गावच्या शाळेत संगीत शिकवायची. आता तिचं सगळं आयुष्य एका सभागृहात आहे. गावच्या मुख्य रस्त्यावर विटांची एक जुनी इमारत. खाली खिळे-फावडी विकणारं दुकान, वर नाट्यगृह. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी बांधलेलं. रेल्वेने नाटकमंडळ्या यायच्या, तेव्हाचं. रेल्वे गेली, मंडळ्या गेल्या, सभागृह राहिलं. तिथे आता शाळेची नाटकं होतात, म्हाताऱ्यांचा बँड वाजतो, कुणी वारलं तर स्मरणसभा होते.

पण बॉयलर अखेरच्या घटका मोजत होता. तिथल्या हिवाळ्यात इमारत तापवली नाही तर नळ गोठून फुटतात, छतातून पाणी गळतं, आणि गावच्या कौन्सिलने सांगून टाकलं होतं: नवा बॉयलर बसला नाही तर वरचा मजला बंद. बंद म्हणजे कायमचा. एवढ्या छोट्या गावात बंद झालेलं काही पुन्हा उघडत नाही, हे मार्लीनने मला दुकानांच्या रिकाम्या काचा दाखवत सांगितलं.

एकच वाट होती. राज्याचं कला मंडळ अशा संस्थांना मदत करतं. जेवढं गाव घालेल तेवढंच राज्य घालतं, आणि गावाच्या वाट्यात श्रमही धरतात. झाडलोट, रंगकाम, जेवण रांधणं, सगळं. मला ते फार आवडलं. मात्र एक अट होती: सभागृह सगळ्या गावाचं आहे हे दिसलं पाहिजे. येत्या शनिवारी मंडळाकडून एक बाई बघायला येणार होत्या.

"मग अडचण कुठे आहे?" मी विचारलं.

मार्लीनने खिडकीतून बोट दाखवलं. गावाच्या टोकाला मांसाचा कारखाना. गेल्या काही वर्षांत तिथे कामाला आलेली माणसं, बहुतेक ग्वाटेमालाची. आता शाळेतली निम्मी पोरं त्यांची. ती माणसं सभागृहात येत नाहीत.

"एकदा आले होते नाताळात," मार्लीन म्हणाली. "मी स्वतः बोलावलं होतं. भिंतीला लागून थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. आवडलं नसेल. मी काय करू?"

त्या शेवटच्या वाक्यात जुना राग होता.

बुधवार, तालमीचा दिवस

बँडची तालीम ऐकायला मी सभागृहात गेले. जिना लाकडी, आत पाऊल टाकताच जुन्या वार्निशचा वास. रंगमंचावर हाताने रंगवलेला पडदा. मधोमध तळं आणि हंस, भोवती चौकटींत त्या काळच्या दुकानांच्या जाहिराती. खोगीरवाला, न्हावी, शवपेट्या करणारा.

वाजवणारे बसले होते. ऐकायला चार माणसं. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले.

मार्लीनने दोनदा हात केला. मी हसून मान हलवली. शेवटी ती उठून आली.

"बसत का नाहीस?"

"माझी खुर्ची कुठली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठलीही."

"पण सगळ्यांवर नावं आहेत की."

प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी होती. त्यावर घराण्याचं नाव. आपल्याकडे खुर्चीवर नाव लागतं ते कुणासाठी, हे तुम्हाला माहीत आहे. आमदार, कारखान्याचे संचालक, प्रमुख पाहुणे. त्या खुर्चीवर चुकून बसलेल्याला कार्यकर्ता खांद्याला धरून उठवतो. मी लहानपणापासून हे पाहिलंय. मला वाटलं, ही त्या त्या घराची जागा, येतील कधीतरी.

मार्लीनने समजावलं. छप्पर गळायला लागलं तेव्हा ज्या ज्या घराने मदत केली त्यांची नावं लावली. बसायचं कुणीही, कुठेही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एवढं बोलून ती थांबली. आम्हा दोघींना एकाच वेळी ती नाताळची संध्याकाळ दिसली.

तेव्हा माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी म्हणाले, "म्हणूनच हे सरकारने करायचं असतं. ज्याने पैसे दिले त्याने नाव कोरलं, आणि ज्याच्याकडे नव्हते तो भिंतीला उभा राहिला. लोकांच्या पैशाने खुर्ची आली असती तर तिच्यावर कुणाचंच नाव नसतं."

बँड वाजायचा बंद झाला होता. सगळे ऐकत होते.

मार्लीन शांतपणे म्हणाली, "छप्पर गळत होतं तेव्हा मी राजधानीत तीन हिवाळे गेले. तिथल्या माणसाला नकाशावर आमचं गाव सापडेना. ही नावं नसती तर तुला भाषण करायला छत नसतं, पोरी."

ती खरं बोलत होती आणि मीही.

इर्माचं दुकान

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कारखान्याच्या बाजूला गेलो. इर्मा तिथे छोटी बेकरी चालवते. तिचा नवरा कारखान्यात मांस कापतो. म्हातारे वडील दुकानाच्या कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मार्लीन या गावात जन्मली, पण या दुकानात पहिल्यांदाच येत होती. ती दारातच अडखळली. मग तिने मोठ्या धीराने एक पाव मागितला.

विचारायचं ते मी विचारलं. इर्माला इंग्रजी बेताचंच येतं, पण तिने शब्द वाया घालवले नाहीत.

"हो, नाताळात आलो होतो. पोरांना नवे कपडे घातले होते. सगळ्या खुर्च्या दुसऱ्यांच्या. बाबा म्हणाले, लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या खुर्चीत बसायचं नसतं. आम्ही गेलो."

मार्लीनने समजावून सांगायला तोंड उघडलं. इर्मा पुढे बोलत राहिली.

"तुम्ही आम्हाला बोलावता. नाचायला बोलावता, आमचे कपडे घालून. जेवण करायला बोलावता. छान म्हणता, टाळ्या वाजवता. मग तुम्ही बसता, आणि आम्ही भांडी घेऊन घरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मार्लीन काउंटरवरचा पाव हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "शनिवारी आलात तर? नाच नको, जेवण नको. नुसते बसायला."

इर्मा वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलली. म्हातारा खाली बघत काहीतरी म्हणाला.

"बाबा विचारतात, नावं काढणार का?"

शुक्रवार

नावं काढायची की नाही यावर चर्चच्या खालच्या खोलीत बैठक झाली. गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली होती. तिला तिथे सॅलड म्हणतात, मी काही बोलले नाही. बैठक मात्र कडू झाली. एका शेतकऱ्याने सांगितलं, त्या पट्टीवर माझ्या बापाचं नाव आहे, तो त्या छपरावर चढून कौलं बसवताना पडला होता. काढायची तर माझ्या हातानं काढणार नाही. कुणाच्यात हिंमत नव्हती त्याला चूक म्हणायची. माझ्यातही नव्हती.

डेल म्हणाला, "काढू नका. झाका की."

"कशानं?"

"घराघरात त्या एवढ्या रजया पडल्यात. थंडीची खुर्ची तरी ऊब धरंल."

तिथल्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून रजया शिवतात. इतक्या नीट की पांघरायला नव्हे, ठेवून द्यायला. आपल्या वाकळीच्या सख्ख्या बहिणी. मी लहान असताना आजोळी वाकळीत आईच्या जुन्या साडीचा तुकडा शोधायचे. तिथेही बायका बोट ठेवून सांगत होत्या, हा माझ्या भावाचा सदरा, हा लेकीचा पहिला फ्रॉक.

शुक्रवारी दुपारी आम्ही रजया खुर्च्यांच्या पाठींवर पसरत गेलो. ज्या शेतकऱ्याच्या बापाचं नाव होतं, त्याने ती पट्टी आधी सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि मग स्वतःच झाकली.

तिसऱ्या रांगेत वाटेलगतची एक खुर्ची राहिली. त्यावर मार्लीनच्या मुलीचं नाव होतं. कॉलेजात असताना बर्फात गाडी घसरून ती गेली. त्या खुर्चीत कधी कुणी बसत नाही, हे मात्र गावात सगळ्यांना माहीत. मार्लीन तिच्याजवळ आली, हातातली रजई घडी करून पुन्हा पेटीत ठेवली आणि पुढे निघून गेली.

माझ्या जिभेवर आलं होतं: एक नाव उघडं राहिलं तर बाकीची झाकून काय उपयोग? तत्त्व म्हणजे तत्त्व. डेलने माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

मी पेटीचं झाकण लावलं.

शनिवार

कला मंडळाच्या बाई आल्या. गाव आलं. आणि जिन्यावर खूप पावलांचा आवाज झाला. कारखान्याची पाळी संपवून, आंघोळ करून, केस ओले विंचरून आलेली माणसं, बायका, पोरं. दारात येऊन ती थांबली. रजया बघितल्या. इर्मा आधी बसली. मग तिचा नवरा, पोरं, मग बाकीचे. खुर्च्यांचा करकर आवाज सगळीकडून येत होता, आणि मला तो टाळ्यांपेक्षा मोठा वाटला.

इर्माचे वडील जिना चढायला हळू. ते पोचले तेव्हा सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेतली ती एकच खुर्ची रिकामी. ते तिच्यापाशी आले, पितळी पट्टी पाहिली, टोपी काढली आणि मागे वळून भिंतीला लागून उभे राहिले.

बँड सुरू व्हायच्या बेतात होता. मार्लीन रंगमंचाच्या पायरीवर उभी होती. ती खाली उतरली. चालत तिसऱ्या रांगेपाशी आली. अंगातला निळा स्वेटर काढला आणि मुलीच्या नावावर पांघरला. मग भिंतीपाशी जाऊन म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला आणून बसवलं.

कुणी टाळी वाजवली नाही, हे त्या गावाचं मोठेपण. डेल छताकडे बघत होता. मार्लीन पुन्हा पायरीवर गेली, दंडांवरून हात चोळत. सभागृह गारठलेलं होतं, बॉयलर खडखडत होता.

कला मंडळाच्या बाई त्या वेळी पडद्यावरच्या हंसांकडे बघत होत्या. त्यांनी हे पाहिलंच नाही.

गारगोटी, परतल्यावर

मी परत आले. थोड्याच दिवसांत डेलचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागे बर्फ.

"न्हाय म्हणाले, पावणं. मंडळाकडंच वरनं कमी आलंय. नव्या कुणालाच दिलं न्हाय."

"मग सभागृह?"

"नळातलं पाणी काढून कुलूप घातलं. कौन्सिलनं वसंतापर्यंत थांबायचं कबूल केलंय. मार्लीन जाणार राजधानीला, अधिवेशन भरलं की. आन् इर्मा बी जाणार हाय. दोघींची गाडी मी हाकणार."

"रजया काढल्या का?"

"छ्या. कोण काढतंय? स्वेटर बी तिथंच हाय."

त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यातल्या गारगोटीला एका सभागृहात शाहिरीचा कार्यक्रम होता. त्यातली हलगी आणि ढोलकी दस्तगीरमामांच्या हातची. मामांचं घराणं कातडं मढवण्याच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आबांच्या मोर्च्यांतल्या हलग्याही त्यांच्याच. मी पोचले तेव्हा मामा दारात उभे. पुढे मोठे सोफे, पाठीला चिकटपट्टीने लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. सोफे रिकामे.

"मामा, पुढं बसा की."

"नगं गं. तिथं नाव लिवलंय की दुसऱ्याचं."

मी चिठ्ठीला हात घातला तसा कार्यकर्ता धावत आला. "अवो ताई, ती सायबांची जागा हाय!"

"साहेब आलेत का?"

"न्हाय, पर येतील की!"

मी भांडायला तोंड उघडलं. मामांनी माझा दंड धरला.

"पोरी, आज तू भांडून मला बसवशील. उद्या तू राजारामपुरीत. मी हितंच हाय. मग मला उठवताना कोण भांडणार?" मग हसून म्हणाले, "आन् हितनं हलगी ब्येस ऐकू येतीया."

कार्यक्रम संपला. साहेब आले नाहीत. हलगी वाजत असताना तिच्यासमोर साहेबांचा सोफा रिकामा होता, आणि ती मढवणारा माणूस दारात, चपला घालूनच.

घरी येताना मला समजलं, त्या शनिवारी काय घडलं होतं. मार्लीनला तो स्वेटर टाकता आला, कारण ते नाव तिचं होतं. माझं गारगोटीच्या सोफ्यावर नावच नव्हतं. मी काय झाकणार होते? बाहेरच्याने चिठ्ठी फाडली तर तो दंगा होतो.

आपल्या जिल्ह्यात सभागृहांना निधी हवा, तो सरकारनेच द्यायला हवा. हे मी लिहीत राहीन, मागत राहीन, त्यासाठी रस्त्यावर बसेन. जिल्ह्याच्या शहरातलं आपलं जुनं नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा आपण सगळे रडलो, ते रडणंही खरं होतं. पण उद्या सगळा निधी आला, नव्या भिंती आणि नव्या खुर्च्या आल्या, आणि चिठ्ठ्या त्याच राहिल्या, तर आपण ते कुणासाठी बांधलं?

म्हणून हे शेवटचं तुमच्यासाठी. तुम्ही सरपंच असाल, संचालक असाल, मुख्याध्यापक, डॉक्टर, पत्रकार, देणगीदार असाल. तुमच्या नावाची चिठ्ठी पुढच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत लागलेली असेल. त्या दिवशी थोडं लवकर जा. ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढा आणि खिशात घाला. मग मागे दारापर्यंत चालत जा. तिथे कुणीतरी उभं असेल. त्यांचा हात धरा, त्यांना आणून तिथे बसवा, आणि तुम्ही भिंतीला टेकून ऐका.